प्रवाळ मिटले की पाण्याकडे बघा

मे महिन्यातला रविवार होता. बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला आणि घरात कूलरची घरघर. शेजारच्या घरून फोन आला. त्यांचा इंजिनीअरिंगला शिकणारा मुलगा बोलत होता. "काका, थोडं येता का? तीन दिवस झाले, एकही उघडला नाही." आवाज असा घाबरलेला, की मी स्टेथोस्कोप घेऊनच निघालो.

तिथे गेल्यावर कळले, की रुग्ण माणूस नव्हे. त्याच्या दोनशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले प्रवाळ तीन दिवसांपासून मिटून बसले होते. एरवी बटणाएवढ्या फुलांसारखे उघडणारे झोअँथिड मुठी आवळल्यासारखे दिसत होते. मशरूम प्रवाळांच्या चकत्या आक्रसल्या होत्या. मुलाने वही पुढे केली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, पीएच ८.१, तापमान २७ अंश. सगळे आकडे तारखेनिशी, सुवाच्य अक्षरात.

"रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत काका. मग हे असं का?"

हा प्रश्न मी सरकारी रुग्णालयात पंचवीसहून अधिक वर्षे ऐकतो आहे. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. म्हणून त्या दुपारी खुर्ची ओढून टँकसमोर बसलो.

प्रवाळ म्हणजे वनस्पती किंवा रंगीत दगड, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो प्राणी आहे. मऊ पिशवीसारखे शरीर, वर एक तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटांसारखे स्पर्शक. या एका प्राण्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक प्रवाळ असे असंख्य पॉलिप मिळून बनतात. पॉलिपच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचे तपकिरी-हिरवे रंगही बऱ्याच अंशी या भाडेकरूमुळे असतात. पाण्यात काही बिघडले, की आधी पॉलिप मिटतो. बिघाड लांबला, की शैवालाशी असलेली भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या नळाला पेंच आणि कन्हानचे गोडे, क्लोरीन घातलेले पाणी येते. त्यामुळे इथला शौकीन आरओचे पाणी घेतो, त्यात समुद्री मीठ विरघळवतो आणि घरातच समुद्र तयार करतो. खऱ्या समुद्रात लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेच प्रमाण टँकमध्ये ठेवायचे असते. अशा नव्या टँकमध्ये महागडे, नाजूक प्रवाळ कोणी लगेच सोडत नाही. आधी चिवट जातीचे सोडतात. झोअँथिड, मशरूम, लेदर कोरल, झेनिया हे असे सोशिक रहिवासी. पाण्यात थोडे कमीजास्त झाले तरी ते मरत नाहीत, पण वागणे बदलतात. अनुभवी माणूस रोज सकाळी आधी त्यांच्याकडे बघतो, मग टेस्ट किट काढतो.

या वागण्याची एक भाषा आहे. झोअँथिडचे देठ लांब होऊन वर ताणू लागले, तर प्रकाश कमी पडतो आहे. रंग फिका पडत चालला, तर प्रकाश किंवा उष्णता जास्त झाली असावी. उलट रंग गडद तपकिरी होत गेला, तर पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढून आतले शैवाल माजले असण्याची शक्यता. झेनिया आपले पंजे सतत उघडते आणि मिटते. तिने हे थांबवले, की शौकिनाचे कान टवकारतात. सगळेच प्रवाळ एकाच दिवशी मिटले, तर दोष एखाद्या प्रवाळात नाही, पाण्यात आहे असे समजायचे.

खोटा इशाराही मिळतो. लेदर कोरल अधूनमधून अंगावर मेणासारखा पापुद्रा धरते, काही दिवस मिटून राहते, पापुद्रा टाकते आणि पुन्हा टवटवीत होते. हा आजार नव्हे, तिची सवय आहे. नवशिका घाबरून पाणी बदलतो, औषधे टाकतो आणि नसलेला आजार निर्माण करतो. आमच्याकडेही असे रुग्ण येतात, ज्यांना आजारापेक्षा उपचारांनीच जास्त त्रास दिलेला असतो. टँकमध्ये औषध टाकण्याचा धोका तर फार मोठा. माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध देतात. मासा त्याने बरा होतो, पण तेच तांबे प्रवाळांना आणि झिंग्यांना मारते.

आमच्या टँककडे परत येऊ. मी मुलाला विचारले, "तांब्याचं औषध टाकलं?" नाही. "नवीन काही आणलं?" नाही. "जेवण बदललं?" नाही. मग माझी नजर टँकच्या काठावर गेली. तिथे पांढरा थर साचला होता. हा थर नागपूरच्या माणसाला अनोळखी नाही. कूलरच्या ताट्यांवर, पंपाच्या नळीवर, टाकीच्या कडेला उन्हाळाभर तो साचत असतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

पाणी थंड राहावे म्हणून मुलाने टँकवर दोन छोटे पंखे लावले होते. कूलरचेच तत्त्व. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते आणि उरलेले पाणी थंड होते. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ही युक्ती उत्तम चालते. पावसाळा लागून हवा दमट झाली, की कूलरप्रमाणे ती निरुपयोगी ठरते.

"रोज किती पाणी आटतं?"

"तीन लिटर तरी."

"मग भरतोस कशाने?"

"तयार खारं पाणी ठेवलंय ना काका, ते टाकतो."

घोळ इथे होता. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. मीठ कुठेच जात नाही. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधे आरओचे पाणीच घालायला हवे. हा मुलगा रोज तीन लिटर खारे पाणी, म्हणजे सुमारे १०५ ग्रॅम क्षार, टँकमध्ये नव्याने टाकत होता. दहा दिवसांत किलोभराहून जास्त. हिशोब केला तर ३५ चा आकडा ४० पर्यंत जातो. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर त्याच्याकडे होता, पण टँक भरला त्या दिवशी मोजून तो डबीत ठेवून दिला होता. आता लावून बघितला, तर आकडा ४० च्या आसपासच आला.

वहीतला एकही आकडा चुकीचा नव्हता. पण जो प्रश्न विचारायला हवा होता, तोच विचारलेला नव्हता. प्रयोगशाळेच्या चाचणीचा हा स्वभाव आहे. जे विचारले त्याचेच उत्तर ती देते. प्रवाळाचे नेमके उलटे. काय बिघडले ते त्याला सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडले हे तो न विचारता सांगतो. दोन्ही साक्षी एकत्र ऐकल्या, तरच निदान होते.

मुलगा लगेच बादलीभर आरओचे पाणी ओतायला निघाला. मी त्याचा हात धरला. हात धरताना मला जुना वॉर्ड आठवला.

पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी निवासी डॉक्टर होतो. असाच मे महिना. वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका पन्नाशीच्या माणसाला त्याच्या बायकोने आणले होते. "दोन दिवसांपासून बोलत नाही जी," एवढेच ती सांगत होती. त्याला विचारले तर तो म्हणाला, "मले काही नाही झालं जी, बरा हाव." ताप थोडासा. नाडी थोडी जलद. रक्तदाब ठीक. वॉर्ड भरलेला, जमिनीवरही रुग्ण. मी केसपेपरवर 'स्थिर' असे लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळलो. दुपारी वॉर्डातल्या सिस्टरने मला थांबवले. "डॉक्टर, हा माणूस सकाळपासून लघवीला उठला नाही. आणि पाणी ठेवलंय, त्याला हात लावला नाही." संध्याकाळी रक्तातील सोडियमचा रिपोर्ट आला. १६०. निरोगी माणसात तो १३५ ते १४५ असतो.

भट्टीच्या धगीत घामावाटे पाणी गेले होते, मीठ त्यामानाने कमी गेले होते. जे टँकमध्ये झाले, तेच त्याच्या शरीरात झाले होते. रक्त खारट झाले, की ते पेशींमधले पाणी ओढून घेते. त्यामुळे रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि डॉक्टर फसतो. मेंदूच्या पेशी मात्र आक्रसत असतात. आधी माणूस अबोल होतो, मग सुस्त, मग बेशुद्ध. त्याची बायको आणि सिस्टर या दोघींनी जे पाहिले, ते मी पाहिले नव्हते. चूक माझी होती.

तो माणूस वाचला. पण त्याला बरे करायला घाई करता आली नाही. दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढलेले सोडियम एकदम खाली आणले, तर आक्रसलेल्या मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि झटके येतात. म्हणून २४ तासांत साधारण १० अंकांहून जास्त उतार होऊ द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. प्रवाळांचेही तसेच. वाढलेल्या खारेपणाशी त्यांच्या पेशी कशाबशा जुळवून घेत असतात. पाणी अचानक गोडे केले, तर तो दुसरा आघात. मुलाला सांगितले, रोज पाच लिटर पाणी काढ आणि तेवढेच आरओचे घाल. त्याने खारेपणा रोज सुमारे एक ग्रॅमने उतरतो. आटलेले पाणीही आरओनेच भर. चौथ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. कडेचे दोन झोअँथिड अर्धे उघडले होते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. चिवट प्राण्याला पहारेकरी नेमण्यात सोय आहे, तशी फसगतही आहे. तो उघडा आणि आनंदी दिसला, म्हणजे पाणी सर्वांना मानवेल असे नाही. ज्या पाण्यात मशरूम प्रवाळ मजेत राहतो, त्यात फांद्यांचा नाजूक ॲक्रोपोरा काही दिवसांत पांढरा पडू शकतो. आणि चिवट प्राणी मिटतो, तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असू शकतो.

पिण्याच्या पाण्याची तपासणीही अशाच पहारेकऱ्यावर चालते. आपल्या नागपुरात १९५८ पासून पाण्यावर काम करणारी 'नीरी' आहे, त्यामुळे हा विषय शहराला नवा नाही. पाण्यातला प्रत्येक रोगजंतू शोधणे व्यवहारात शक्य नसते. म्हणून ई-कोलाय हा आतड्यातला जंतू शोधतात. १०० मिलिलिटर पाण्यात तो सापडता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. तो सापडला म्हणजे पाण्यात मैला मिसळला. ही पद्धत चांगली आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ई-कोलाय क्लोरीनने सहज मरतो, तर क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून हा परजीवी पसरला आणि सुमारे चार लाख लोकांना जुलाब झाले. पाणी तेव्हाच्या मानकांत बसत होते. मात्र त्याचा गढूळपणा नेहमीपेक्षा वाढला होता. म्हणजे इथे पहारेकरी शत्रूपेक्षा दुबळा होता. तो आधीच मेला आणि त्याच्या गैरहजेरीलाच आपण शांतता समजलो. टँकमध्ये याच्या उलट घडते. पहारेकरी इतका दणकट, की त्याला लागेपर्यंत नाजूक शेजारी मेलेले असतात. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडला असता तो एकच प्रश्न: नेहमीपेक्षा आज काय बदलले?

घरातल्या काचेच्या समुद्रातली ही गोष्ट महाराष्ट्राच्या खऱ्या समुद्रातही वाचता येते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. तिथे प्रवाळ आहेत. पण लक्षद्वीपला दिसते तसे फांद्याफांद्यांचे रान इथे नाही. इथे पोराइट्स, गोनिअस्ट्रिया, फॅवायटीस, टर्बिनेरिया असे बहुतांशी गोलाकार, पसरट, दणकट प्रकार आहेत. कारण कोकणचा पाऊस. चार महिने नद्या गोडे पाणी आणि गाळ समुद्रात आणतात. अंगावर पडलेला गाळ चिकट स्रावाने झटकून टाकणारे आणि गढूळ उजेडात भागवणारे प्रवाळच इथे टिकतात. किनाऱ्यावर कोणत्या जाती आहेत यावरून तिथल्या पाण्याने वर्षानुवर्षे काय सोसले, याचा अंदाज येतो.

असे सोसणारे प्रवाळसुद्धा उष्णतेपुढे हार मानतात. मालवणच्या प्रवाळांतही विरंजन, म्हणजे पांढरे पडणे, शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. एखाद्या ठिकाणच्या उन्हाळ्यातील सर्वाधिक सरासरीपेक्षा पाणी केवळ एक अंश जास्त तापले आणि ते सुमारे चार आठवडे तसेच राहिले, की विरंजन सुरू होऊ शकते. आठ आठवडे राहिले, तर मोठ्या प्रमाणावर मृत्यू ओढवतो. एक अंश म्हणजे किती, हे आम्हा डॉक्टरांना समजते. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ वरून ४० च्या पुढे गेले आणि शुद्ध हरपू लागली, की उष्माघात. अंतर तीनच अंशांचे. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरील चौथे प्रवाळ विरंजन सुरू असल्याचे जाहीर झाले. मालवणच्या चिवट प्रवाळांनी मान टाकली, तर बिघाड किती खोल गेला असेल, याचा विचार व्हायला हवा.

आता डॉक्टर म्हणून दोन सूचना, कारण हा छंद आपल्या शहरातही वाढतो आहे.

पहिली झोअँथिडबद्दल. नवशिक्यांच्या या लाडक्या प्रवाळाच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. १९७१ मध्ये हवाईतील संशोधकांनी ते प्रथम वेगळे केले. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हृदयाच्या रुग्णांना आम्ही देतो ते डिगॉक्सिन याच पंपाला आवर घालते. पॅलिटॉक्सिन मात्र या पंपाचे दारच सताड उघडे करून टाकते. परदेशात टँकमधले दगड उकळताना किंवा गरम पाण्याने घासताना उडालेल्या वाफेमुळे आणि तुषारांमुळे अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. कोणत्या झोअँथिडमध्ये विष आहे, हे नुसते बघून ओळखता येत नाही. म्हणून प्रवाळ असलेला दगड कधीही उकळू नये, ब्रशने घासू नये. हात घालताना हातमोजे घालावेत आणि प्रवाळ कापायचाच झाला तर डोळ्यांवर चष्माही हवा. अशा कामानंतर तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव, थंडी वाजून ताप, खोकला, दम लागणे, स्नायू दुखणे, मुंग्या येणे किंवा डोळ्यांत तीव्र वेदना झाल्यास सर्वांनी मोकळ्या हवेत जावे. डोळ्यांत काही उडाले असेल तर ते किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि लगेच रुग्णालय गाठावे. तिथे 'घरी प्रवाळांचा टँक आहे' हे आवर्जून सांगावे. विषावर खास उतारा नाही, पण वेळेवर समजले तर हृदय आणि श्वास सांभाळता येतात. टँकमध्ये हात घालणाऱ्याच्या बोटावर किंवा हातावर आठवडेच्या आठवडे न भरणारी गाठ किंवा जखम असेल, तरी टँकचा उल्लेख करावा. टँकच्या पाण्यातल्या एका जंतूमुळे असा त्वचेचा संसर्ग होतो. तो क्षयाच्या जंतूचा नातेवाईक आहे आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी बरा होत नाही.

दुसरी सूचना कायद्याबद्दल. दगडी सांगाडा बनवणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि अग्निप्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. समुद्रावर फिरायला गेलात आणि किनाऱ्यावर प्रवाळाचा तुकडा दिसला, तर तोही उचलून आणू नका. टँकसाठी काहीही विकत घेण्याआधी ते कोणत्या जातीचे आहे, कुठून आले आहे आणि त्याची कागदपत्रे आहेत का, हे विचारा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर घेऊ नका.

शेजारच्या मुलाच्या वहीत आता दोन नवे रकाने आहेत. एक खारेपणाचा. दुसऱ्यात तो आकडा लिहीत नाही. 'सगळे उघडे', 'डावीकडचे दोन अर्धे', 'झेनिया मंद' असे दोन-तीन शब्द लिहितो. मी त्याला म्हटले, हा रकाना आमच्या केसपेपरवरही असायला हवा.

आणि तो आपल्या घरीही हवा. विदर्भाचा उन्हाळा सोसलेली आपली जुनी माणसे या चिवट प्रवाळांसारखी असतात. मे महिन्याच्या दुपारी विचारले, तर आजी 'मला काय धाड भरलीय' म्हणून उडवून लावते. तिच्या उत्तरावर जाऊ नका. रोज दोनदा चहा मागणारी आजी आज गप्प का, माठातले पाणी तसेच का, सकाळपासून बाथरूमला का गेली नाही, हे बघा. ती शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर थोडे थोडे पाणी, ताक किंवा ओआरएस पाजा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. बोलणे विस्कळीत वाटले, अंग तापलेले लागले किंवा झापड दिसली, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालयात आणा. आणि आमच्यातला एखादा तरुण डॉक्टर गडबडीत 'स्थिर' लिहून पुढे निघाला, तर त्या सिस्टरप्रमाणे त्याला थांबवून सांगा, "डॉक्टर, ही नेहमी अशी नसते."